जागच्या जागी

वानाद्झोरच्या बुद्धिबळ शाळेत रविवारी
हीटर एकच लावतात, तोही मुलांच्या बाजूला.
म्हणून मी तिकडच्या पटावर बसलो, एवढंच.
समोर नाझेली. वय वर्षं नऊ,
खिशात सुकवलेले जर्दाळू,
पाय जमिनीला न टेकणारे.
पांढरी मोहरी तिला दिली. म्हटलं, पोर आहे.

तिनं राजापुढचं प्यादं दोन घरं ढकललं, मीही ढकललं.
तिचा घोडा बाहेर आला.
मी प्याद्याला प्याद्याचा टेकू दिला.
तिचा उंट तिरपा निघाला आणि लांबूनच
माझ्या राजाशेजारच्या प्याद्याकडे
टक लावून बसला.
बसेना का.
मी डाव्या कडेचं प्यादं एक घर सरकवलं,
उद्या त्या बाजूनं कुणी आलंच तर.

एकतीस वर्षं मी रसायन कारखान्यात व्हॉल्व्ह सांभाळले.
आधी गळती बघायची,
मग चाक फिरवायचं.
कारखाना बंद पडला
तेव्हाही मी गळतीच बघत होतो.

तिचा दुसरा घोडा आला.
मी उजव्या कडेचं प्यादंही सरकवलं.
दोन्ही खिडक्यांना कड्या,
घर कसं बंदोबस्तात.
तिनं किल्लेकोट केला, एक जर्दाळू तोंडात टाकला
आणि रांगेत सुटे पैसे चाचपणाऱ्या म्हाताऱ्याकडे
पाववाली बघते
तशी माझ्याकडे बघत राहिली.

मग मात्र मी उंट काढला.
थेट तिच्या घोड्यावर रोखला,
घोड्यामागे त्याच रेषेत तिचा वजीर.
घोडा हलला की वजीर गेला.
उशिरा का होईना,
आलो तर असा आलो!

घोडा हलला.

माझं प्यादं खाऊन पटाच्या मधोमध उभा राहिला,
आणि मागे वजीर उघडा, फुकटात.
मी दोनदा पाहिलं.
तिसऱ्यांदा पाहिलं नाही.
वजीर उचलताना हात थरथरला तो थंडीनं.
वर म्हणालोसुद्धा,
"बाळ, नीट बघून खेळावं."

तिच्या उंटानं ते राजाशेजारचं प्यादं खाल्लं. शह.
राजाला एकच घर होतं, एक पाऊल पुढे.
गेला बिचारा, पायजम्यावर बाहेर यावं तसा.
मग दुसरा घोडा, अडीच घरं,
खिळा ठोकल्यासारखा. ठक्क.

मी वाट शोधू लागलो.
मागे एका कोपऱ्यात माझाच वजीर,
दुसऱ्या कोपऱ्यात माझाच उंट,
तिरपं पुढे माझंच प्यादं.
सगळी घरची माणसं, दारं अडवून उभी,
आणि उरलेल्या घरांवर तिचा पहारा.
आठव्या खेळीला मात.
चहाची वाफ अजून निघत होती.

"काका," तिनं खरंच काळजीनं विचारलं,
"तुमचे घोडे आजारी आहेत का?"

लोक वरातीमागून घोडं म्हणून हसतात.
माझं तर वरात जेवून उठली
तरी तबेल्यातच.

शोघिकचं इथं काही सांगायचं नाही.
एवढंच, की एका साली छपराला नवा पत्रा घातला,
पुढच्या साली खिडक्यांना दुहेरी काचा,
आणि त्याच्या पुढच्या साली
तिला विचारायचं ठरलं होतं.
ती क्रास्नोदारच्या बसमध्ये चढली
तेव्हा घर खरोखर उबदार होतं.

नाझेली पट पुन्हा मांडू लागली.
तिची मोहरी कुठं कुठं पांगलेली,
एक घोडा इथं, एक तिथं, उंट माझ्या अंगणात.
"वजीर द्या," तिनं हात पुढे केला.
तो माझ्या मुठीत होता, तापलेला.

माझी बाजू मांडायला वेळ लागला नाही.
चार-पाच प्यादी, राजा, एक उंट.
बाकी दोन्ही हत्ती, दोन्ही घोडे, वजीर
जागच्या जागी, धूळसुद्धा न हललेली.

तिनं पट गर्रकन फिरवला.
"आता पांढरी तुमची."

माझा हात सवयीनं कडेच्या प्याद्याकडे गेला
आणि मध्येच थांबला.
मग घोड्यावर ठेवला.
हात लावला की चालवावाच लागतो,
हा नियम मला माहीत होता.
लाकूड गार होतं.